काचघर आणि भिंतीपलीकडचा हापसा

लातूरच्या त्या काचघराचं नाव निघालं की मित्र खुर्च्या पुढं ओढतात. एक म्हणतो, "प्लास्टिकच्या फुलाचा सांग!" दुसरा म्हणतो, "आधी घामाचा!" गंमत अशी, की मी तिथं नोकरी करत होतो तेव्हा यातली एकही गोष्ट मला विनोदी वाटली नव्हती. दिवसभर चिडायचं, संध्याकाळी खोलीवर जाऊन चिडूनच जेवायचं, हा माझा दिनक्रम होता. माझ्या मते किस्से असेच साठतात. माणसं अत्यंत गंभीर चेहऱ्यानं काहीतरी करत असतात आणि आपण दातओठ खात बघत असतो. नोकरी सुटली की तोच राग एकेक करून मित्रांना हसवायला लागतो!

तर आधी थोडी ओळख करून देतो, म्हणजे मध्येच कुणी विचारायला नको.

लातूर तेव्हा नुकतंच जिल्हा झालं होतं. पाऊस नव्हता, पण जिल्हा होता! जो तो आपल्या पाटीवर 'जिल्हा' रंगवून घेत होता. माझ्या खोलीखालच्या सलूनवाल्यानं तर 'जिल्हास्तरीय केशकर्तनालय' असं लिहून घेतलं होतं. खुर्ची एकच होती. जिल्ह्याला कलेक्टर आले, कोर्ट आलं, मग गावातल्या काही मातबरांच्या लक्षात आलं की आपल्याला हौस अशी काहीच नाही. त्यांनी पुष्पप्रेमी मंडळ काढलं आणि आमच्या कॉलेजच्या मागच्या अंगणात एक काचघर उभं केलं. कशासाठी? तर ऑर्किडसाठी!

ऑर्किड म्हणजे आपल्याकडं जिला आमरी म्हणतात ती. फांदीला धरून राहते, मुळं हवेत सोडते, मातीशिवाय वाढते. मातीशिवाय, पाण्याशिवाय नव्हे! हे वाक्य मी त्या नोकरीत इतक्या वेळा म्हटलं की झोपेतही म्हणत असेन. मी नुकताच बॉटनीत एम.एस्सी. झालो होतो, कॉलेजात डेमॉन्स्ट्रेटर होतो, आणि काचघराची जबाबदारी माझ्याकडं होती.

मंडळाचे अध्यक्ष गुरलिंगअप्पा. गंजगोलाईच्या बाजारात आडत दुकान, कपाळावर विभूती, कडक पांढरं धोतर. मला ते नावानं कधीच हाक मारायचे नाहीत. "काय बॉटनी, फूल कधी?" एवढंच विचारायचे. प्राचार्य हे मंडळाचे सचिव. ते अप्पा बोलायच्या आधीच मान डोलवायला सुरुवात करायचे.

आणि काचघराच्या मागं कंपाउंडची भिंत. भिंतीपलीकडं वस्ती. वस्तीतला हापसा आटलेला. टँकर येईल तेव्हा येईल. भिंतीच्या अलीकडं मात्र कॉलेजच्या बोअरला पाणी होतं, आणि ते मोटर लावून दिवसभर काचघरात फवारलं जात होतं. लातूरचा उन्हाळा, त्यात काच! फवारलं नाही तर झाडांची भाजी झाली असती.

भिंतीवरून एक पाइप पलीकडं टाका आणि मोटर रोज सकाळी थोडा वेळ त्यांच्यासाठी चालवा, एवढंच माझं मागणं होतं. एक पाइप! बाकीचे सगळे किस्से त्या पाइपाच्या आजूबाजूचे.

* * *

पहिला मौलाभाईंचा.

मौलाभाई आमचे माळी. उत्साही माणूस, पण ऐकलेलं वाक्य अर्ध्यात सोडून कामाला लागायचे. एक दिवस प्राचार्य त्यांना म्हणाले, "मौला, आवारातल्या झाडांवर लई बांडगूळ झालंय. सगळं काढून टाक."

दुपारी मी काचघरात गेलो तर आत नुसती लाकडं टांगलेली! रोपं गायब. बेंगलोरहून आणलेली रोपं, नारळाच्या काथ्यानं मी एकेक करून लाकडाला बांधलेली! दारात टोपलं भरून ठेवलं होतं, आणि मौलाभाई टॉवेलनं तोंड पुसत होते.

"मौलाभाई, हे काय केलंत?"

"सर, बाहेरचं निकाला. फिर अंदर देखा तो अंदर बी तेच! लाकडाला चिकटून बसलंय आणि मुळं हवेत. बांडगूळच की."

"अहो, बांडगूळ झाडाचा रस पितं! ही नुसती आधाराला बसतात. कुणाचं काही खात नाहीत!"

मौलाभाईंनी टोपल्याकडं बघितलं, मग मंडळाच्या ऑफिसकडं बघितलं, आणि विचारलं, "कुणाचंच न्हाई?"

* * *

मी ती रोपं परत बांधली. त्याच सुमाराला अर्धापूरचे एक केळीवाले पाहुणे अप्पांकडं आले होते. अप्पांनी त्यांना मोठ्या कौतुकानं काचघर दाखवलं. पाहुणे प्रत्येक लाकडापुढं थांबत होते, काथ्याच्या गुंडाळ्या बघत होते. बाहेर आल्यावर हळूच मला म्हणाले, "मास्तर, सगळ्यांनाच पट्ट्या बांधल्यात. अपघात झाला का काय?"

* * *

आता फुलाचा.

कलेक्टरच्या मॅडम काचघर बघायला येणार असं ठरलं. फूल एकही नव्हतं. ऑर्किड हा सावकाश मामला असतो, हे मी सांगून थकलो. अप्पा म्हणाले, "बॉटनी, मॅडम काय पानं बघायला येऊन राहिल्या का?"

मॅडमच्या गाडीआधी अप्पांचा मुनीम आला. त्याच्या पिशवीत गंजगोलाईतून आणलेली प्लास्टिकची जांभळी फुलं होती. मी अडवायच्या आत प्राचार्यांनी स्वतःच्या हातानं एक फूल दोऱ्यानं रोपाला बांधलं! डॉक्टरेट मिळवलेला माणूस!

मॅडम आल्या. फुलाजवळ गेल्या. डोळे मिटून वास घेतला.

"अहाहा! किती मंद सुवास आहे!"

प्राचार्य म्हणाले, "मॅडम, संध्याकाळी अजून दरवळतो!"

मॅडमना ते रोप फारच आवडलं. अप्पांनी फुलासकट भेट देऊन टाकलं. मी आठवडाभर वाट बघत होतो, आता बोलावणं येणार, नोकरी जाणार. आठवड्यानं प्राचार्यांना खरोखरच बंगल्यावरून फोन आला. प्राचार्य उभे राहून बोलत होते. फोन ठेवल्यावर त्यांनी घाम पुसला आणि मला म्हणाले, "फूल अजून तस्संच ताजं आहे म्हणाल्या. कोणतं खत घालता, विचारून राहिल्यात."

* * *

घामाचा किस्सा याच्या नंतरचा.

मे महिना. मी मंडळाला सांगितलं, हवा कोरडी पडतेय, आत ओलावा हवा. गोणपाटं भिजवून टांगू, जमिनीवर विटांचा चुरा पसरून तो ओला ठेवू. अप्पांनी विचारलं, "ओलावा म्हणजे? आपल्या श्वासातून निघतो तो?" मी अजाणतेपणी हो म्हणालो. विज्ञानाच्या विद्यार्थ्यानं असं सहज हो म्हणू नये!

पुढची कार्यकारिणीची बैठक काचघरात भरली. दुपारी! खुर्च्या आत मांडल्या, दार लावून घेतलं. धोतरं, सफारी, टाय, सगळे आत. ओलावा मोजायचं यंत्र मधोमध टांगलेलं. अप्पा विषयपत्रिकेऐवजी यंत्राकडं बघत होते.

"चढला का काटा?"

"चढतोय, अप्पा," प्राचार्य म्हणाले. त्यांचा टाय ओला झाला होता.

"बोला, बोला, गप बसू नका! बोलल्यानं जास्ती निघतो!"

मग सगळे एकदम बोलायला लागले. त्या बैठकीत जितके ठराव मंजूर झाले तितके मंडळाच्या आयुष्यात कधी झाले नव्हते. शेवटी एक सभासद खुर्चीवरून घसरले. त्यांना बाहेर काढून पाणी मारलं तेव्हा अप्पा आतूनच ओरडले, "दार लावा रे आधी, काटा उतरतोय!"

माझ्या पाइपाचा विषय त्या दिवशी पत्रिकेवर शेवटचा होता. तो येण्याआधी बैठक शुद्धीवर आणावी लागली, म्हणून तहकूब झाला.

* * *

वस्तीतल्या शेवंताबाईंची आणि माझी ओळख भिंतीवरून झाली. त्यांच्या बाजूला एक मोठा दगड होता. त्यावर चढून त्या काचघराकडं बघत होत्या. आत फवारा चालू होता आणि काचेवरून पाणी ओघळत होतं.

"मास्तर, ह्या काचेला लई घाम फुटून राहिला की. आमच्या हापशाला कधी फुटंल?"

मी म्हणालो, "मावशी, मी मंडळात विषय मांडलाय."

"मांडलाय व्हय? मग बसा आता त्याच्या भवती."

आणि दगडावरून उतरल्या. असं बोलून कुणी उतरून गेलं की उत्तर द्यायला समोर माणूसच उरत नाही! मी तडक मंडळाच्या ऑफिसात गेलो. टेबलावर हात आपटला. अप्पा शांतपणे म्हणाले, "बसा, बॉटनी. तरुण हायसा, रक्त गरम हाय. पाणी एकदा दिलं की सवय लागती. उद्या ते रोजच मागतील."

"रोज लागतंच ना, अप्पा! पाणी आहे ते!"

"तेच म्हणून राहिलोय मी!"

प्रकरण उपसमितीकडं गेलं. वस्तीच्या गरजांचा अभ्यास करून उपसमितीनं एकमतानं शिफारस केली: वस्तीतल्या महिलांना महिन्यातून एकदा काचघर बघायला मोफत प्रवेश द्यावा.

शेवंताबाईंना मी हे सांगितलं. त्या म्हणाल्या, "घागर आत नेऊ देतात का तेवढं इचारा."

* * *

आता हवेचं प्रकरण कसं सुरू झालं ते सांगतो.

नांदेडला अशाच हौशी लोकांचं एक मंडळ होतं. त्यांचे अध्यक्ष, निवृत्त ओव्हरसियर, आमचं काचघर बघायला आले. नांदेड आणि लातूर यांचं कसं आहे, एकानं शिंक दिली तरी दुसऱ्याला ती आपल्यावर वाटते. पाहुण्यांनी सगळं बघितलं आणि उसासा टाकला. "आमच्या दारात गोदावरी हाय, तरी ही झाडं आम्हाला जगली न्हाईत. तुम्ही ह्या दुष्काळात पाणी कुठून आणून राहिलात?"

प्रश्न साधा होता. पण 'आमच्या दारात गोदावरी' हे अप्पांना लागलं.

"पाणी?" अप्पा हसले. "पाणी कशाला? थेंब लागत न्हाई! हवेवर जगतात ही. लातूरची हवाच तशी हाय!"

मी म्हणालो, "अप्पा, मातीशिवाय. पाण्याशिवाय नव्हे..."

अप्पांनी माझ्या खांद्यावर हात ठेवला. सहज ठेवला असं पाहुण्यांना वाटलं असेल. मला मात्र खांदा आठवडाभर दुखत होता.

मागं पाइपातून फुस्स करून फवारा सुरू झाला. नांदेडचे पाहुणे त्याकडं बघायला लागले.

"ते फरशी धुवायला," प्राचार्य म्हणाले.

* * *

ही बातमी गावात फिरली, मग एका स्थानिक पेपरात आली: बिनपाण्याचं झाड! लगेच मुरुडहून एक काका जीप घेऊन हजर. पाच एकर रान पडून होतं.

"मास्तर, एकरी किती बसतात?"

"काका, ही जमिनीत लावायची झाडं नाहीत."

"मग कशात?"

"हवेत."

काकांनी थोडा विचार केला. "मग काय अडचण हाय? पाच एकराच्या वरची हवा बी आमचीच हाय की."

मी त्यांना शेवटी मोटर दाखवली, फवारे दाखवले, आत उभं करून पाठ भिजवली. तेव्हा कुठं ते निमूट परत गेले. अप्पांना कळलं. त्यांनी मला बोलावून घेतलं. "बॉटनी, तुम्ही जिल्ह्याची बदनामी करून राहिलात!" पाण्याचं नाव काढणं ही त्या दिवसापासून बदनामी झाली.

* * *

आणि मग मंत्री आले.

दुष्काळाच्या पाहणीला मुंबईहून एक मंत्री आले होते. दिवसभर कोरड्या विहिरी बघून बघून त्यांचा चेहरा धुळीनं भरलेला. अप्पांनी कुठून तरी वशिला लावून दौऱ्यात काचघर घुसवलं होतं. काचघर बघायला नाही, तरी मंत्री बघायला वस्ती जमणारच. भिंतीवर ओळीनं डोकी दिसत होती, मधोमध शेवंताबाई.

नेमकी त्याच आठवड्यात एका रोपाला कळी आली होती. खरी कळी! हिरवट, टोकाला किंचित जांभळी. माझ्या हातची पहिली. अप्पा रोज सकाळी आंघोळ करून, विभूती लावून तिला बघायला येत होते. हात जोडत नव्हते, एवढंच.

मंत्री कळीसमोर उभे राहिले. अप्पा खणखणीत आवाजात म्हणाले, "साहेब, ह्या दुष्काळात आमच्या जिल्ह्यानं हे करून दाखवलं! पाण्याचा थेंब न्हाई. नुसत्या हवेवर!"

"थेंब नाही?" मंत्र्यांचे डोळे उघडले. दिवसभरात त्यांना पाणी न मागणारं कुणी भेटलं नव्हतं.

"थेंब न्हाई, साहेब!"

मंत्री मागं वळले. "मग ही मोटर कसली?"

सगळे प्राचार्यांकडं बघायला लागले. मंत्री येणार म्हणून फवारा बंद ठेवला होता आणि फरशी कोरडी ठणठणीत होती, त्यामुळं ती धुवायचं कारण चालण्यासारखं नव्हतं.

"शोभेची, साहेब," प्राचार्य म्हणाले.

मंत्र्यांची नजर माझ्यावर आली. "तुम्ही कोण?"

"बॉटनी," अप्पाच म्हणाले.

"मग तुम्ही सांगा. ही झाडं हवेवर जगतात?"

झाडांच्या बाबतीत मी सहसा कुणाला चुकीचं बोलू देत नव्हतो. मौलाभाईंना नाही, मुरुडच्या काकांना नाही, नांदेडच्या पाहुण्यांसमोर अप्पांनाही नाही. सगळं मंडळ माझ्याकडं श्वास रोखून बघत होतं. मी कळीकडं बघितलं. मग भिंतीवरच्या डोक्यांकडं बघितलं.

"साहेब," मी म्हणालो, "अप्पा गावातले मान्यवर आहेत. ते चुकीचं कसं सांगतील?"

अप्पांनी सुटकेचा श्वास सोडला. मंत्र्यांनी मागं उभ्या असलेल्या इंजिनिअरला बोट केलं.

"ही मोटर इथं कशाला पडलीय? पाणी भिंतीपलीकडं द्या. संध्याकाळच्या आत मला झालेलं पाहिजे."

भिंतीवरून टाळ्या पडल्या. अप्पांनाही वाजवाव्या लागल्या.

* * *

यानंतरचा माझा सगळ्यात आवडता.

पाइप पलीकडं गेला, वस्तीत नळ बसला. रोज सकाळी मोटर चालायची. एका घराला एक वेळी एक भांडं, पुन्हा हवं असेल तर पुन्हा लाइनीत, हा शेवंताबाईंचा कायदा होता. काचघरातली पानं सुरकुतायला लागली. बोअरची किल्ली आता इंजिनिअरच्या माणसाकडं होती. अप्पा काचघरात येत, कळीसमोर उभे राहत आणि निघून जात.

एका सकाळी मी नळापाशी होतो. बघतो तर लाइनीच्या शेवटी पांढरं धोतर! हातात पितळी बादली. अप्पा! बाया पदर तोंडाला लावून हसत होत्या. अप्पा सरळ पुढं यायला निघाले तर शेवंताबाई म्हणाल्या, "अप्पा, मागून."

अप्पा मागून आले. नंबर आल्यावर शेवंताबाईंनी बादलीवर हात ठेवला.

"तुमच्या घरला तर टँकर येतो म्हनं. हे कुणासाठी?"

अप्पांनी तोंड उघडलं. लाइनीतल्या झाडून साऱ्या बायांनी त्या दिवशी भिंतीवरून त्यांचं भाषण ऐकलं होतं. अप्पांनी तोंड मिटलं. परत उघडलं.

"गाईसाठी."

"गाय हाय तुमच्याकडं?"

"हाव. देवणी हाय. लई तहानलीय."

"अगं बाई! मग बादलीनं कशाला नेता, सांडंल की वाटंत. गाईलाच आणा हितं. मुक्या जनावराला आम्ही न्हाई म्हनत न्हाई."

अप्पा रिकामी बादली घेऊन गेले. मला वाटलं, संपलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी अप्पा पुन्हा लाइनीत होते. हातात दावं, आणि दाव्याला काळ्या-पांढऱ्या ठिपक्यांची देवणी गाय! मागं मौलाभाई, मान खाली. अप्पा गाईच्या पाठीवरून हात फिरवत एकेक पाऊल पुढं सरकत होते. गाय मात्र अप्पांच्या अजिबात ओळखीची दिसत नव्हती.

नंबर आला. शेवंताबाईंनी गाईकडं बघितलं, जरा जास्तच वेळ बघितलं. अप्पांची बादली नळाखाली काठोकाठ भरली आणि गाईपुढं ठेवली. गाईनं तोंड घातलं ते तळ दिसल्यावरच वर काढलं.

शेवंताबाईंनी अप्पांच्या हातातून दावं घेतलं, गाईच्या मानेवर थाप मारली आणि म्हणाल्या, "गाय आमची हाय, अप्पा. पहाटंपासून हुडकून राहिले. आता तुम्ही तुमच्या नंबराला लागा."